आधी पान, मग फूल: फुलपाखरांसाठी घरची बाग

फुलपाखरांसाठी बाग करायची असे ठरले की बहुतेक जण थेट रोपवाटिकेत जातात आणि बहरलेल्या चार-पाच कुंड्या घेऊन येतात. त्या फुलांवर फुलपाखरे येतातही, पण मकरंद पिऊन निघून जातात आणि बहर ओसरला की दिसेनाशी होतात. ती आपल्या बागेत वारंवार दिसावीत असे वाटत असेल, तर मादीला तेथे अंडी घालावीशी वाटली पाहिजेत, आणि मादी फुलाकडे पाहून अंडी घालत नाही. ती पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान चाचपून त्याची चव घेते आणि हे पान आपल्या अळीला चालेल अशी खात्री पटली तरच अंडे चिकटवते. बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक कुळांतल्या मोजक्याच वनस्पती खातात. योग्य पान मिळाले नाही, तर त्या दुसरे पान खाण्याऐवजी उपाशी मरतात. म्हणून या लेखात अळीच्या झाडांना अधिक जागा दिली आहे आणि फुलांचा विचार त्यानंतर केला आहे. वनस्पतींची निवड महाराष्ट्र आणि गोव्याचे हवामान डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

आजूबाजूला काय आहे ते आधी पाहावे

खरेदीला निघण्यापूर्वी घराच्या शे-दोनशे मीटरच्या परिसरात एकदा सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान फिरून यावे. शहरात वाटते त्याहून बरेच काही आधीपासून लावलेले असते. गृहनिर्माण संस्थांच्या कुंपणालगत रांगेने लावलेला उंच, सरळसोट अशोक हा टेल्ड जे या हिरव्या ठिपक्यांच्या चपळ फुलपाखराच्या अळ्यांचे खाद्य आहे. रस्त्याकडेच्या बहाव्यावर कॉमन एमिग्रंट वाढते, आंब्यावर कॉमन बॅरन, नारळ-सुपारीवर कॉमन पामफ्लाय आणि दुभाजकातल्या कण्हेरीवर कॉमन क्रो. ही झाडे परिसरात असतील तर ती आपल्या बाल्कनीत लावण्याचा खटाटोप करण्याची गरज नाही. त्यांवर वाढलेली फुलपाखरे मकरंदासाठी आपल्याकडे येऊ शकतात. जे आसपास नाही तेच आपण लावावे. मोकळ्या माळाजवळ किंवा डोंगरउतारालगत राहणाऱ्यांना हा हिशेब अधिक सोपा जातो, तर काचेच्या उंच इमारतींच्या गर्दीत राहणाऱ्यांनी थोडा धीर धरावा लागतो.

इमारतीच्या खालच्या तीन-चार मजल्यांवरच्या बाल्कन्यांत फुलपाखरे सहज येतात. त्याहून वर येणाऱ्यांची संख्या रोडावते, कारण वारा वाढतो आणि जमिनीवरच्या झाडांशी असलेला दुवा तुटतो. पंधराव्या मजल्यावर राहणाऱ्याने आपली हौस संस्थेच्या आवारातल्या एखाद्या कोपऱ्यात भागवावी असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे दोन वाफे मिळाले तरी त्यांचा उपयोग वरच्या वीस कुंड्यांपेक्षा जास्त होईल.

जागा

फुलपाखराला उडण्यासाठी आधी शरीर तापवावे लागते, त्यामुळे सकाळपासून किमान पाच तास ऊन मिळणारी जागा निवडावी. पूर्वेकडची किंवा दक्षिणेकडची बाजू उत्तम. जोराच्या वाऱ्यात त्यांना फुलावर टिकता येत नाही, म्हणून वाऱ्याच्या दिशेला कढीपत्ता, लिंबू किंवा एक्झोरा यांसारखी दाट झुडपे ठेवावीत आणि त्यांच्या आडोशाला बुटकी फुलझाडे लावावीत. उन्हात दोन-तीन सपाट दगड ठेवले की त्यांवर पॅन्सी जातीची फुलपाखरे पंख पसरून बसतात. कुंडीतली माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट यांचे जवळजवळ समान प्रमाण बहुतेक झाडांना चालते. लिंबू आणि कढीपत्ता यांसाठी मात्र किमान सोळा इंची कुंडी घ्यावी, कारण अळ्यांनी पाने फस्त केल्यावर नवी फूट काढण्याची ताकद मुळांत असावी लागते.

अळीची झाडे

नवशिक्याने सुरुवात कढीपत्त्यापासून करावी. तो बहुतेक घरांत असतोच, कुंडीत वाढतो आणि त्यावर कॉमन मॉरमॉन व लाइम बटरफ्लाय ही दोन्ही देखणी फुलपाखरे अंडी घालतात. फक्त एक रोप स्वयंपाकाला आणि एक अळ्यांना, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून करावी, म्हणजे घरात वाद होत नाहीत. स्वयंपाकाच्या रोपावर अळी सापडली तर ती ज्या डहाळीवर आहे ती डहाळी कापून दुसऱ्या रोपावर अडकवून ठेवावी; अळी आपली आपण पलीकडे जाते. याच कुळातल्या लिंबू, ईडलिंबू, पपनस आणि बेल यांवरही या गटातली फुलपाखरे वाढतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉरमॉन, म्हणजेच राणी पाकोळी, लिंबूवर्गीय झाडांवरच अंडी घालते. कोकणात, गोव्यात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी अंगण असलेल्यांनी पपनसाचे झाड जरूर लावावे. काळ्या मखमली पंखांवर फिकट निळा पट्टा मिरवणारे हे मोठे फुलपाखरू मुंबई-ठाण्याच्या हिरव्या भागांतही दिसते.

दुसरे झाड म्हणून मी हळदीकुंकू सुचवीन. लाल-पिवळ्या फुलांच्या या झुडपाला रोपवाटिकेत अ‍ॅस्क्लेपियास म्हणतात. त्यावर प्लेन टायगर आणि स्ट्राइप्ड टायगर वाढतात, शिवाय त्याच्या फुलांत मकरंदही भरपूर असतो, त्यामुळे कमी जागेत दोन्ही गरजा भागतात. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली आहे. आपल्याकडची रुई हेच काम करते आणि मोकळी जागा असल्यास रुईच लावावी. तिच्या पानांची माळ मारुतीला वाहणारी काही घरे ती दारात लावायला मात्र राजी नसतात, हा आपल्याकडचा एक गमतीचा विरोधाभास आहे. या दोन्ही वनस्पतींचा पांढरा चीक विषारी असतो. तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून छाटणी करताना हातमोजे वापरावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. कण्हेरीचे तर सर्वच भाग विषारी असल्यामुळे रांगते मूल किंवा पाळीव जनावर असलेल्या घरात ती लावूच नये. प्लेन टायगरची अळी याच चिकातले विष अंगात साठवते आणि त्यामुळे पक्षी तिच्यापासून व पुढे फुलपाखरापासूनही दूर राहतात. डॅनेड एगफ्लाय या वेगळ्या जातीची मादी प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल करून या दहशतीचा फायदा उठवते. तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात, म्हणजे घोळीची एक पसरट कुंडी ठेवली तर मूळ आणि नक्कल यांची तुलना घरबसल्या करता येते.

अगदी छोट्या बाल्कनीसाठी पानफुटी आणि चित्रक ही दोन झाडे पुरेशी आहेत. पानफुटीच्या मांसल पानावर रेड पिएरो अंडे घालते आणि तिची अळी पानाच्या आत शिरून दोन पापुद्र्यांमधला गर खात पुढे सरकते. बाहेरून पाहिले तर पानावर फक्त फिकट डाग दिसतो. चित्रकाच्या कळ्यांवर झेब्रा ब्लू येते. आणि कुंड्यांत आपोआप उगवणारी आंबुशी तण म्हणून उपटून टाकू नये, कारण पेल ग्रास ब्लू या नखाएवढ्या निळ्या फुलपाखराचे ते मुख्य खाद्य आहे. ज्यांच्याकडे शोभेचा सायकस आहे आणि त्याची कोवळी पाने दरवर्षी कुरतडली जातात, त्यांनी त्यावर औषध मारण्याआधी नीट पाहावे; तो बहुधा प्लेन्स क्युपिड असतो.

अंगण किंवा शेताचा बांध असेल तर यादी पुष्कळ वाढवता येते. सोनचाफ्यावर कॉमन जे आणि टेल्ड जे येतात, सीताफळावरही टेल्ड जे अंडी घालते. एरंडावर कॉमन कॅस्टर, कृष्णकमळाच्या वेलीवर टॉनी कोस्टर, कोरांटीवर लेमन पॅन्सी आणि पावसाळ्यात बांधावर आपसूक येणाऱ्या टाकळ्यावर कॉमन ग्रास यलो वाढते. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ आले असेल तर ते सरसकट काढून टाकण्याआधी थोडा विचार करावा. फळबागायतदाराच्या दृष्टीने ते नुकसानकारक आहेच, पण परसातल्या एखाद्या जुन्या झाडावर एक झुपका राहू दिला तर पिवळ्या-लाल पंखांचे कॉमन जेझेबेल त्यावर पिढ्या काढते.

एका वेलीबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ ही फुलपाखरे ईश्वरी किंवा सापसण या वेलीवर अवलंबून असतात, आणि सह्याद्रीच्या दक्षिण भागात सदर्न बर्डविंग हे भव्य फुलपाखरूही याच वेलीवर वाढते. औषधी म्हणून ओरबाडली गेल्याने ही वेल अनेक ठिकाणी विरळ झाली आहे. तेव्हा ती जंगलातून उपटून आणू नये; वन विभागाच्या किंवा औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेत चौकशी करून रोप मिळवावे किंवा ओळखीच्या माणसाकडून बी घ्यावे. एकच वेल लावली तर पहिल्याच खेपेला अळ्या ती बुडख्यापर्यंत खाऊन टाकतात, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी निदान चार वेली असाव्यात. तिच्या जागी शोभेच्या, मोठाल्या फुलांच्या परदेशी भाऊबंद वेली लावण्याचा मोह टाळावा. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंगच्या माद्या अशाच एका परदेशी वेलीला भुलून तिच्यावर अंडी घालतात आणि बाहेर आलेल्या अळ्या ती पाने खाऊन मरतात.

मकरंदाची फुले

फूल निवडताना त्याचा आकार आणि सोंडेची लांबी यांचा मेळ पाहावा. मॉरमॉनसारखी मोठी फुलपाखरे एक्झोरा, पेंटास, जास्वंद आणि कृष्णकिरीट यांच्या लांब नळीतून मकरंद ओढू शकतात, तर चिमुकल्या ब्लूज आणि स्किपर्सना तुळस, एकदांडी अशी बारीक फुले लागतात. एकदांडी ही रस्त्याकडेची फुकटची वनस्पती. ती कुंडीत लावणारा माणूस शेजाऱ्यांना वेडा वाटतो, पण छोट्या फुलपाखरांची तिच्यावरची वर्दळ पाहण्यासारखी असते. झेंडू आणि झिनिया घ्यायचे असतील तर पाकळ्यांचा एकच थर असलेले, गावठी वाण घ्यावेत. गच्च भरलेल्या संकरित फुलांत पाकळ्याच पाकळ्या असतात आणि मकरंदापर्यंत सोंड पोहोचत नाही. सदाफुली, कॉसमॉस आणि निळ्या तुऱ्यांची स्टॅकीटार्फेटा ही कमी देखभालीत भरपूर काळ फुलणारी झाडे आहेत. एकाच जातीची तीन-चार रोपे एकत्र लावावीत. विखुरलेल्या एकेका फुलापेक्षा रंगाचा एक मोठा पट्टा फुलपाखराला दुरून दिसतो.

घाणेरीचा प्रश्न नेहमी विचारला जातो. तिच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड उडते हे खरे आहे, परंतु शोभेसाठी भारतात आणलेली ही वनस्पती देशभरातल्या जंगलांत पसरली असून तिने स्थानिक झुडपांची जागा बळकावली आहे. पक्षी तिची फळे खाऊन बिया दूरवर नेतात. त्यामुळे नवी घाणेरी लावू नये, विशेषतः गाव किंवा जंगलाच्या सीमेवर राहणाऱ्यांनी. पेंटास आणि एक्झोरा तिची उणीव पुरेशी भरून काढतात.

टायगर आणि क्रो या गटांतल्या नरांना मकरंदाखेरीज आणखी एक गोष्ट हवी असते. खुळखुळा आणि भुरुंडी या वनस्पतींत असलेली काही अल्कलॉइड रसायने ते सोंडेने शोषून घेतात आणि त्यांपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. वाळलेल्या किंवा खरचटलेल्या भागातून ही रसायने सहज मिळतात, म्हणून खुळखुळ्याच्या शेंगा वाळल्या तरी झाड उपटू नये. पावसाळ्यानंतर अशा एका सुकलेल्या झुडपावर ब्लू टायगरचे थवे लगडलेले दिसू शकतात.

चिखल आणि सडकी फळे

नर फुलपाखरे ओल्या मातीतून क्षार शोषतात. याला चिखलपान म्हणतात. कुंडीखाली ठेवतात तशी एक उथळ ताटली घेऊन तीत वाळू आणि माती भरावी, मूठभर शेणखत व चिमूटभर मीठ मिसळावे आणि ती उन्हात ठेवून रोज ओली करावी. माती ओलसर राहावी, वर पाणी साचू नये. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. बॅरन, ईव्हनिंग ब्राउन, ब्लॅक राजा ही मंडळी फुलांकडे फारशी फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी अति पिकलेले केळे, पेरू किंवा अननसाची साल सावलीत मांडावी आणि मुंग्या लागू नयेत म्हणून ती बशी पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवून ते पाणी रोज बदलावे.

फवारणीबाबत

कीटकनाशक मारायचे आणि फुलपाखरेही हवीत, हे एकाच बागेत जमणार नाही. सेंद्रिय म्हणून विकली जाणारी औषधेही येथे निरुपद्रवी नसतात. निंबोळी अर्काने अळ्यांची वाढ खुंटते आणि बीटी नावाने मिळणारे जिवाणूजन्य औषध तर अळ्यांना मारण्यासाठीच बनवलेले असते. पिठ्या ढेकूण आढळल्यास ओल्या फडक्याने पुसून काढावा किंवा पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा, पण धार मारण्याआधी पानांवर अंडी नाहीत ना, ते पाहावे. हळदीकुंकवाच्या शेंड्यावर पिवळा मावा येतोच. झाड मरत नाही, तेव्हा तो तसाच राहू द्यावा, काही दिवसांत लेडीबर्ड भुंगेरे त्याचा समाचार घेतात. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवर आधीच फवारणी झालेली असण्याची शक्यता असते. अशी रोपे तीन-चार आठवडे वेगळी ठेवून, जुनी पाने काढून आणि नवी फूट आल्यावरच अळ्यांच्या वाट्याला द्यावीत. संस्थेच्या आवारात डासांसाठी धुराची फवारणी होत असेल तर तिची वेळ विचारून घ्यावी आणि त्या वेळी कुंड्या आत घ्याव्यात किंवा चादरीने झाकाव्यात.

अंड्यापासून पंखांपर्यंत

लाइम बटरफ्लायचे अंडे टाचणीच्या डोक्याएवढे, गोल आणि फिकट पिवळे असते. ते कोवळ्या पानावर एकेकटे सापडते. तीन ते पाच दिवसांत बाहेर आलेली अळी काळपट-पांढरी असते आणि पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे अनेक जण ती झटकून टाकतात. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार होते आणि तिला डिवचले तर डोक्यामागून दुशिंगी, नारिंगी अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. याच काळात ती सर्वाधिक पाने खाते. दोन-तीन आठवड्यांची वाढ पूर्ण झाली की अळी खाणे थांबवते आणि बहुतेक वेळा मूळ झाड सोडून जवळच्या काडीवर, कठड्यावर किंवा भिंतीवर जाऊन कोषात जाते. अळ्या एकाएकी नाहीशा झाल्या म्हणून त्या मेल्याच असे समजू नये. कॉमन क्रोचा कोष चांदीच्या दागिन्यासारखा चकाकतो आणि कण्हेरीच्या पानाखाली सहज सापडतो. कॉमन बॅरनची अळी मात्र आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर अशी आडवी होते की तिच्या पाठीवरचा फिकट पट्टा आणि शीर एकच वाटतात.

प्रत्येक अळीचे फुलपाखरू होत नाही. मुंग्या, गांधीलमाश्या, कोळी, पाली, बुलबुल यांच्या तोंडी बऱ्याच जातात आणि काहींच्या अंगात परजीवी माश्या अंडी घालतात. सगळ्या वाचवण्यासाठी अळ्या डब्यात वाढवण्याची नवशिक्यांना घाई असते. मुलांना दाखवण्यासाठी एखादी वाढवायला हरकत नाही, पण जाळीचे झाकण, रोज ताजे पान, रोज विष्ठेची सफाई आणि बाहेर आलेल्या फुलपाखराला पंख पसरून लटकता येईल एवढी उंची यांची सोय हवी, आणि पंख वाळताच त्याला सोडून द्यावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काही जातींना संरक्षण दिलेले आहे, तेव्हा फुलपाखरे पकडून साठवण्याच्या फंदात पडूच नये. केसाळ अळ्यांना बोट लावू नये. त्यांतल्या बहुतेक पतंगांच्या असतात आणि त्यांच्या केसांनी त्वचेला खाज येते. कण्हेरीवर किंवा तगरीवर निळ्या डोळ्यांचे ठिपके असलेली जाड हिरवी अळी दिसली तर तीही पतंगाचीच, पण निरुपद्रवी आहे.

केव्हा काय करावे

मे महिन्यात कुंड्या भरून ठेवाव्यात आणि पहिला चांगला पाऊस झाला की जूनअखेरपासून लागवड करावी. कोकणात मुसळधार पावसात कोवळी रोपे कुजतात, म्हणून कुंड्यांची छिद्रे मोकळी ठेवावीत आणि शक्य असल्यास त्या पत्र्याच्या कडेला घ्याव्यात. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ सर्वांत गजबजलेला असतो. पावसाने फुटलेली पाने, भरपूर फुले आणि पुन्हा पडू लागलेले ऊन या तिन्ही गोष्टी तेव्हा एकत्र येतात. थंडीत हालचाल मंदावते. फेब्रुवारीत हळदीकुंकू, पेंटास आणि एक्झोरा यांची हलकी छाटणी करावी, मात्र त्याआधी प्रत्येक फांदी उलटून कोष नाहीत ना याची खातरजमा करावी. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची सावली नसेल तर कुंडीतला कढीपत्ताही तग धरत नाही. तेथे हिरवी जाळी बांधावी, मुळांशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि पाणी संध्याकाळी द्यावे.

पहिल्या हंगामात दोनच खाद्यवनस्पती आणि तीन फुलझाडे एवढ्यावर थांबावे. कोणते फुलपाखरू कोणत्या तारखेला, कोणत्या झाडावर, मकरंद पिताना की अंडी घालताना दिसले, याची नोंद वहीत ठेवावी आणि ओळख पटत नसेल तर पंखांच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, कारण अनेक जातींची खूण पंखांच्या खालच्या बाजूला असते. ठाण्याजवळ ओवळा येथील ओवळेकर वाडी फुलपाखरू उद्यानात किंवा गोव्यात फोंड्याजवळच्या फुलपाखरू उद्यानात पावसाळ्यानंतर एक सकाळ घालवली तर कोणत्या झाडावर काय येते हे प्रत्यक्ष पाहता येते. पुढच्या जूनमध्ये नवी झाडे घेताना वही उघडावी: जे फुलपाखरू मकरंदाला आले पण अंडी न घालता गेले, त्याच्या अळीचे झाड सर्वांत आधी लावावे.